अव्वाची काच

अंधाऱ्या खोलीचं दार उघडलं आणि वास आला. आंबूस, ओल्या काडेपेटीसारखा, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा. माझी नात गार्गी म्हणाली, "आजी, इथं केमिकलचा वास येतो हं. तुला त्रास झाला तर सांग." मी म्हटलं, "हायपो आहे तो." ती दारातच थांबून माझ्याकडे बघत राहिली. ऐंशी ओलांडलेली, पोथीच्या पलीकडे न गेलेली आजी असलं काही बोलेल असं तिला वाटलं नव्हतं. मी भिंतीलगतच्या बाकावर बसून घेतलं.

गार्गी पुण्याच्या विद्यापीठात फिल्म आणि व्हिज्युअल मीडिया शिकते. त्याची डिग्री मिळते. तिच्या आईनं मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तव्यावरची पोळी करपली होती. उजेड कसा पाडायचा याचा एक पेपर, चित्र कसं बघायचं याचा दुसरा. शिकवायला मास्तर, बसायला वर्ग, चुकलं तर पुन्हा करायला सामान. पोरं चुकतात आणि हसतात. ते हसणं ऐकलं की मला माझा अण्णा आठवतो. त्याला चुकायला मोजून नऊ काचा मिळाल्या होत्या.

शेवटच्या वर्षाला घरातलं जुनं चित्र घेऊन पाच मिनिटांची फिल्म करायची असते म्हणे. गार्गीनं विचारलं, "आजी, आपल्याकडचा सगळ्यात जुना फोटो कुठला?" मी नाही म्हणून सांगितलं. चार दिवस नाहीच म्हणत राहिले. पाचव्या दिवशी कपाटातून खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली काच काढली आणि तिच्या हातात दिली. "ही तुझ्या पणजीची," म्हटलं. तिनं काच उजेडाला धरली. तिच्यातून समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसल्या. गार्गी म्हणाली, "आजी, हिच्यात काहीच नाहीये गं."

काहीच नाही, हे मला तिच्याआधी सत्तर वर्षं माहीत होतं.

आमचं घर मुरुमचं. पेठेच्या मागच्या गल्लीत माळवदाचं घर, पुढं अप्पांची आडत, मागं अंगण आणि गोठा. निजामाचं राज्य होतं, पण आम्हा पोरांना ते शाळेतल्या भिंतीवरच्या एका तसबिरीपुरतं. घरात आम्ही कानडी-मराठीची खिचडी बोलायचो. आईला अव्वा, वडिलांना अप्पा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा तो अण्णा, आणि त्याची मी तंगी, म्हणजे धाकटी बहीण. नावानं त्यानं मला कधी हाक मारल्याचं आठवत नाही. शाळा उर्दू. बाजारात मराठी. आणि अण्णानं सोलापूरच्या एका म्हाताऱ्या फोटोवाल्याकडून, त्याचं दुकान मोडताना, जो कॅमेरा आणला त्याच्यासोबतचं पुस्तक इंग्रजी.

कॅमेरा आला तो दिवस मला वासानं आठवतो. बैलगाडीतून उतरवलेल्या पेटीला जुन्या चामड्याचा, कापराचा आणि कसल्याशा औषधाचा वास होता. काळ्या कापडाच्या घड्यांचा भाता, पितळेचा चष्मा, तीन पायांची घोडी. अत्या, अप्पांची विधवा बहीण, म्हणाली, "हे काय गं बाई, पेटी आणली का मढं आणलंय?" सोबत एका डबीत नऊ काचा होत्या, काळ्या कागदात एकेक वेगळी बांधलेली. चित्र काचेवर उमटायचं आणि मग काचेवरून कागदावर छापायचं. पण तो कागदच नव्हता. लढाई चालू होती. सोलापूरचे दुकानदार सांगायचे, विलायतेचा माल बंद आहे, आला की कळवू. अण्णा म्हणायचा, "कागद काय, येईल कवा तरी. तवर हात तर बसंल."

हात बसवायला शिकवणारं कुणी नव्हतं. मुंबई-पुण्याला सिनेमाच्या कंपन्या आहेत, तिथं माणसं उजेडाचं काम शिकतात, एवढं त्याला ऐकून माहीत होतं आणि तेवढ्यावर तो रात्रंदिवस पेटलेला होता. इंग्रजी पुस्तकातलं एक वाक्य तो शाळेतल्या मौलवीसाहेबांकडे घेऊन जायचा, ते उर्दूत अर्थ सांगायचे, अण्णा तो घरी येऊन अव्वाला कानडीत सांगायचा, आणि अव्वा शेंगदाणे भाजता भाजता म्हणायची, "म्हंजे भाजीसारखंच की रे. आच कमी-जास्त." त्याचं सगळं विद्यापीठ ते एवढंच.

पहिली काच मारुतीच्या पायऱ्यांवर गेली. दुसरी तेलघाण्याच्या बैलावर, तो थांबायला तयार नव्हता. एक वाया गेली ती मीच डबीचं झाकण उघडून बघितलं म्हणून, आणि त्याबद्दल मार न देता अण्णा नुसता डोक्याला हात लावून बसला. एका काचेवर मौलवीसाहेब बसले. टोपी दहादा नीट केली, "सीधा दिसरा ना मैं?" म्हणून विचारत राहिले. काच धुऊन झाल्यावर अण्णानं ती उजेडाला धरून दाखवली तर त्यांची पांढरीशुभ्र दाढी काळीकुट्ट दिसत होती. मौलवीसाहेब खूश. "वल्ला, जवान कर दिया रे मेरे को!" अण्णा समजावत राहिला की काचेत सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं, काळं ते पांढरं, कागदावर गेलं की सुलटं होतं. मी तिथंच उभी होते. मला एवढंच कळलं की या काचेत माणूस मळतो. सुलटं झालेलं मी कधी बघितलंच नव्हतं.

शेवटची काच अण्णानं बाजूला ठेवली होती. "ही अव्वाची," म्हणायचा. "पण आधी मला नीट यायला पायजे. अव्वाचा फोटू बिघडून चालायचं न्हाय." आणि अव्वाचं आपलं दुसरंच. "सुगी होऊ दे. मग बसते निवांत. आता कुठं फोटू काढत बसू, आंगाला कडब्याचं कुसपट लागलंय." तो हात बसायची वाट बघत होता, ती सुगीची. दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्यासाठी आपण थांबलोय.

अव्वा मला कशी आठवते? हात आठवतात. मनगटावर चुलीच्या निखाऱ्याचा डाग, हिरव्या बांगड्या, त्यांच्यात अडकलेलं एखादं ज्वारीचं फोलपट. परगावी जायचं असलं की ती मला न्हाणीत बसवायची, ऊन ऊन पाण्यानं आणि हरभऱ्याच्या पिठानं तोंड खसाखसा धुवायची. मी ओरडायचे. ती म्हणायची, "परक्या गावात मळकं तोंड घेऊन जात्यात व्हय? लोक आईला नाव ठेवत्यात, लेकराला न्हाय." मग आपल्या कपाळावरच्या विभूतीतलं बोटभर माझ्या कपाळाला. तिच्या पदराला भाजक्या शेंगांचा वास असायचा. आवाज आठवतो. पाठमोरी चाल आठवते. चेहरा आठवत नाही. आठवायला गेलं तर जो येतो तो तिचा नव्हे. त्याचं पुढं सांगते.

सुगी व्हायच्या आत अव्वा गेली. कशानं गेली ते सांगत बसत नाही, आणि खरं तर मला कुणी कधी नीट सांगितलंही नाही. मला आठवतं ते सकाळचं अंगण, बेलाच्या पानांचा ढीग, आणि पडवीत भिंतीला टेकून मांडी घालून बसलेली अव्वा.

आमच्यात माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. लिंगैक्य झालं म्हणतात, आणि पूजेला बसल्यासारखं बसवतात. आंघोळ घालून, नवं लुगडं नेसवून, कपाळभर विभूतीचे तीन पट्टे ओढून, हातात लिंग देऊन. मान कलू नये म्हणून मागून एक कापड घेतलेलं असतं. गाव येऊन पाया पडतं. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. मला वाटलं, अखेर बसली बाई निवांत.

आणि अण्णानं पेटी आणली. जंगम स्वामी मंत्र म्हणायचे थांबले. बायका कुजबुजल्या. अप्पा खांबाला टेकून उभे होते. ते एवढंच म्हणाले, "काढू द्या त्याला." अण्णानं घोडी लावली, काळ्या कापडाखाली शिरला, बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड भिजलेलं होतं. मला अव्वाच्या डाव्या गुडघ्याशी बसवलं. पडवीत ऊन पोचत नव्हतं, म्हणून झाकण काढल्यावर बराच वेळ कुणीही हलायचं नव्हतं. अण्णा म्हणाला, "म्या सात डाव नमः शिवाय म्हणंस्तवर. तंगी, सुम्मन कूड, गप बस. हलू नको, समोर बघ." त्यानं मोजायला सुरुवात केली. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याला मला वाटलं, अव्वा बघतेय का बघावं. मी मान वळवली.

दुपारी, अव्वाला मळ्यात ठेवून आल्यावर, ज्वारीच्या कोठीत कंदिलाला लाल खण गुंडाळून अण्णानं ती काच धुतली. मी दाराशी बसले होते. फटीतून काच धुवायच्या औषधाचा, हायपोचा, तो वास येत होता. आत तो एकटाच कुणाशी तरी बोलत होता. "सावकाश ये, अव्वा. सावकाश ये," असं काहीसं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला काच दाखवली. सूर्याला धरली. मी ते बघितलं आणि ओरडले. अव्वाचं तोंड काळं होतं. केस पांढरेफेक. कपाळावर, जिथं विभूती होती तिथं, काजळीचे तीन पट्टे, जणू कुणी चुलीतली बोटं तिच्यावरून ओढली होती. खाली कोपऱ्यात एक फरफटलेला डाग, ती मी. "हलू नको म्हणालो होतो की गं," अण्णा म्हणाला, पण रागावला नाही. "असू दे. अव्वा न्हाय हलली बघ. केस-केस मोजून घे." मग मला जवळ घेऊन म्हणाला, "भिऊ नको. कागद आला की गोरी हुईल."

आजही डोळे मिटून अव्वाला आणायला गेले की येते ती ही. काळ्या तोंडाची, पांढऱ्या केसांची. खरी अव्वा तिच्यामागं कुठंतरी बसली असेल, पण ही बाजूला सरत नाही.

कागद यायचा होता. बाजाराच्या दिवशी सोलापूरच्या वाटेनं गाड्या यायच्या, त्यांच्या घुंगरांचा आवाज आला की मी पेठेच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. "कागद आला का?" गाडीवानांना वाटायचं पोर पत्राची वाट बघतेय. एकजण म्हणायचा, "आला गं, पाऊस पडल्यावर देतो." कडब्याच्या गंजी लागल्या, संपल्या. करडईच्या फुलांचा पिवळा रंग दोनदा आला आणि गेला. काच देवळीत, लिंगाच्या खाली, अव्वाच्या चोळीच्या खणात गुंडाळून ठेवलेली. रोज सकाळी पूजा झाली की अप्पा त्या गुंडाळीवरही एक बेलपान ठेवायचे.

अशात पुण्याच्या एका सिनेमा कंपनीचं पत्र आलं. अण्णानं गुपचूप लिहिलं होतं. त्यांनी उत्तर दिलं होतं की या, काम बघू, शिकायचं तर शिका. अत्यानं कपाळ बडवून घेतलं. फिलिमवाल्यांच्यात जाणार, ते काय आपल्यातले हायत का, सोयरीक कोण करंल. तिसऱ्या दिवशी जेवताना अप्पांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"तिथं तो कागद मिळल का रे?"

"मिळतोच, अप्पा. कंपनीतच असतोय."

"मग जा." अप्पा ताटाकडे बघत होते. "तुझ्या आईचं तोंड मला आठवंना झालंय. काल दिवसभर बघितलं, आठवंना. एवढं घेऊन ये."

वीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिचं तोंड माणसाला आठवेना, आणि तो ते पोरांसमोर बोलला. मला त्या वेळी फक्त एवढं कळलं की अव्वा आता पुण्याला जाणार. परक्या गावात. परक्या लोकांसमोर. आणि तिचं तोंड काळं होतं.

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्याला नाही, लेकीला नाही.

कंदिलाच्या काचा पुसणं हे माझं रोजचं काम. काजळी लागलेली काच ऊन पाण्यात बुडवायची, राखेनं घासायची, फडक्यानं कोरडी करायची. कडेनं बोट कापू नये म्हणून काच कापडात धरायची, हे अत्यानं शिकवलेलं. अण्णा सकाळी निघणार म्हणून आदल्या दिवशी दुपारी अत्या शेंगाच्या पोळ्या लाटत होती, घरभर गुळाचा वास होता. मी देवळीतून गुंडाळी काढली. न्हाणीतल्या हंड्यातलं ऊन ऊन पाणी घेतलं. डाव्या हातात खणाच्या टोकानं काचेचा कोपरा धरला आणि अव्वाचं तोंड पाण्यात घातलं.

मी हळू धुतलं. ती मला खसाखसा धुवायची, तसं नाही. कपाळावरचे पट्टे आधी. ते सुटले तेव्हा मला केवढा आनंद झाला. दुधावरची साय सरकावी तसं काहीतरी बोटाखाली सरकलं. मग गाल. राख घेतली. आता खालची गोरी अव्वा दिसेल म्हणून मी घासत राहिले. काळं सगळं निघालं. मी काच पुसली, उजेडाला धरली आणि तिच्यातून मला हंड्याचा काठ दिसला, चुलवणाचा धूर दिसला, माझी पाच बोटं दिसली.

पाणी मोरीतून अंगणात गेलं, अंगणातून आळूच्या पानांत. मी त्याच्यामागं गेले. नुसतं राखाडी पाणी होतं.

मी काच खणात गुंडाळली. पहिल्यासारख्या घड्या घातल्या. देवळीत ठेवली. वर बेलपान होतं तेही ठेवलं.

सांगता आलं असतं. संध्याकाळ होती, सकाळ होती. अण्णानं गुंडाळी न उघडताच सदऱ्याच्या आत छातीशी ठेवली, पेटीत ठेवायला तो तयार नव्हता. दुधनीच्या स्टेशनाला जायला गाडी जुंपली. अप्पांनी गुंडाळीला हात लावून कपाळाला लावला. मी चाकाशी उभी होते. अण्णा म्हणाला, "तंगी, काय आणू तुला?" गाडी वेशीपर्यंत गेली, मी मागं मागं गेले. "आता फीर माघारी," तो हसून ओरडला, "कागद घेऊनच येतो!" धुरळा उठला, घुंगरांचा आवाज बारीक होत गेला. त्याच्या छातीशी कोरी काच होती आणि हे सगळ्या जगात मला एकटीला ठाऊक होतं.

महिन्याभरानं पत्र आलं. अप्पांनी ते आडतीत उभ्या उभ्या वाचलं आणि आत येऊन अत्याला सांगितलं. दुधनीच्या अलीकडं नाक्यावर निजामाच्या जकातवाल्यांनी, करोडगिरीवाल्यांनी, सामान तपासलं, त्यात काच खाली पडून फुटली. तुकडेसुद्धा हाती लागले नाहीत. अण्णानं क्षमा मागितली होती. अत्या रडली, नाक्यावरच्या शिपायांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या दिवसापासून जेवताना अप्पा मधूनच म्हणायचे, "जरा इकडं बघ गं." मी मान वर करायची. ते माझ्या तोंडात काहीतरी शोधत राहायचे, मग म्हणायचे, "कपाळ तिचं हाय. बाकी न्हाय." मी घास गिळायची. असं ते जाईपर्यंत चाललं.

मला मात्र पत्र ऐकताक्षणी कळलं होतं. काच गाडीतल्या सामानात नव्हतीच, त्याच्या अंगावर होती. त्यानं ती पुण्याला जाऊन उघडली असणार. कुणासमोर उघडली, तेव्हा तिथं कोण होतं, कोण हसलं, मला माहीत नाही. त्यानं कोपऱ्यावरची राख बघितली असणार. आमच्या घरात काच राखेनं कोण घासतं हे त्याला सांगायला नको होतं.

पुढं रझाकारांची धामधूम आली. आम्ही एका सकाळी नेसत्या वस्त्रानिशी सोलापूरला निघालो. परत आलो तेव्हा माळवद खाली आलेलं होतं, मारुतीच्या पायऱ्यांची काच, बैलाची काच, मौलवीसाहेबांची काळी दाढी, सगळं मातीत. मौलवीसाहेबही नव्हते. ते कुठं गेले हे गावात विचारायची सोय राहिली नव्हती.

अण्णा पुण्यातच राहिला. कॅमेऱ्यामागं तो कधी उभा राहिला नाही. कंपनीच्या प्रयोगशाळेत फिल्म धुवायच्या खात्यात त्याला घेतलं आणि तो निवृत्त होईपर्यंत तिथंच होता. लोकांची चित्रं धुऊन सुलटी करायची, वाळत घालायची. दुसऱ्या कामाची संधी आली होती म्हणे, त्यानं घेतली नाही. यात माझा वाटा किती, हे मी आयुष्यभर मोजत आले आहे आणि हिशेब लागलेला नाही.

माझं लग्न होऊन पुण्यात आल्यावर एकदा मी ठरवून त्याच्याकडे गेले. सांगायचंच म्हणून. त्याच्या खोलीत तोच वास, कपड्यांना, उशीला, त्याच्या बोटांना. मी म्हटलं, "अण्णा, ती काच..."

तो बशीत चहा ओतत होता. वर बघितलं नाही. "लई जोरात आपटली बघ त्या नाक्यावरल्यानं," म्हणाला. "म्या किती सांगितलं, हळू, हळू."

"अण्णा, म्या..."

"चहा गार हुतोय, तंगी."

ज्या गुन्ह्याची कबुलीच घेतली नाही, त्याची माफी त्यानं देऊन टाकली होती. ती माफी मला कधी पचली नाही. मी चहा प्यायले आणि घरी आले.

अण्णा गेल्यावर त्याच्या मुलानं एक पत्र्याची डबी आणून दिली. "बाबा म्हणाले होते, आत्याला द्या." आत खण. खणात काच, अख्खी, एक ओरखडा नाही. खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा मळका डाग. मी मनात म्हटलं, एवढं धुवायचं राहिलं वाटतं. आणि डबी कपाटात खाली सारली.

तो डाग गार्गीनं बघितला. पाण्याच्या टाक्यांकडे धरलेली काच तिनं तिरकी केली, डोळ्याजवळ नेली, आणि तिचा आवाज बदलला. "आजी, हा डाग नाहीये. इथं चित्र शिल्लक आहे." म्हणून आज तिनं मला इथं आणलं. जिथं खणानं धरलं होतं तिथं पाणी पोचलं नव्हतं. सत्तर वर्षांत मला ते कळलं नाही, आणि या पोरीला तिच्या मास्तरांनी दुसऱ्याच वर्षाला शिकवलं होतं.

लाल दिवा लागला. गार्गीनं एका पाकिटातून कागद काढला. एवढा सहज, कपाटातून साखरेचा डबा काढावा तसा. मी म्हटलं, "बघू." तिनं माझ्या हातात दिला. गुळगुळीत, जाडसर, गार. बाजारच्या दिवशी मी ज्याची वाट बघायची तो हा. मी त्याला हात लावून कपाळाला लावला.

गार्गीनं कागदावर काच ठेवली, उजेड दाखवला, कागद औषधाच्या पाण्यात सोडला. "सावकाश येतं हं, आजी," म्हणाली. मी थाळीवर वाकले. आधी काहीच नाही. मग कागद सगळीकडून काळा होत गेला, मधोमध, वर, डावीकडे, जिथं जिथं मी धुतलं होतं तिथं तिथं. कागदावर गेलं की गोरी होईल, अण्णा म्हणाला होता. फक्त खाली एका कोपऱ्यात काळं थांबलं. तिथं परकराचा काठ आला. एक मूठ आली. मग फरफटलेला एक लहानसा चेहरा, समोर न बघता वर वळलेला, तोंड थोडं उघडं.

"आजी!" गार्गी कुजबुजली. "ही तू आहेस?"

मी मान डोलावली.

"पण कॅमेऱ्याकडं का नाही बघत आहेस? कुणाकडं बघतेस?"

मी पाण्यात हात घातला आणि त्या काळ्या कागदावर, मधोमध, बोट ठेवलं.

"इथं अव्वा बसली होती," म्हटलं.